फीडरची कुळकथा

छोट्या रेल्वेचा एक ठरलेला आजार आहे. कंट्रोलरजवळच्या स्टेशनातून गाडी झोकात सुटते, पहिलं वळण घेते, पूल ओलांडते आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा दम संपतो. इंजिनाचा दिवा मिणमिणतो, चाकं अडखळतात, शेवटी ती उभीच राहते. बोटानं जरा ढकलली की पुन्हा हातभर चालते. मालक आधी इंजिनावर संशय घेतो. मोटर उघडतो, ब्रश पुसतो, तेल घालतो. इंजिन बिचारं निर्दोष असतं. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला तरी हा आजार समजायला पुस्तक लागू नये. पाटाच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याचा ऊस तरारतो आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतच नाही.

उपाय सगळीकडे एकच सांगतात. टेबलाखालून दोन जाड तारा लेआउटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या. त्यांना बस म्हणतात. या बसमधून दर हात-दोन हातांवर बारीक तारा वर काढायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून डाख द्यायचा. या बारीक तारा म्हणजे ड्रॉपर किंवा फीडर. कोल्हापूर जिल्ह्यात फीडर म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. गावठाण फीडर, शेती फीडर, ‘फीडर ट्रिप झालाय’ हे भारनियमनाच्या वर्षांत शाळकरी पोरांच्याही तोंडी होतं. टेबलाखालची वीतभर तार आणि महावितरणची ती लाइन एकाच घराण्यातल्या आहेत, आणि त्या घराण्याचा मूळपुरुषही ठाऊक आहे. त्याच्याकडे येतोच, आधी आजाराचं मूळ पाहू.

रूळ दिसतो अखंड, असतो तुकड्यांचा. छोट्या रेल्वेत हे तुकडे पत्र्याच्या चिमुकल्या खोबणीनं एकमेकांना जोडतात, तिला जॉइनर म्हणतात. दोन तुकडे सरळ रेषेत धरणं एवढंच जॉइनरचं खरं काम. वीज न्यायचं काम आपण त्याच्यावर लादलेलं. नवा असतो तोवर तो दोन्ही कामं करतो. मग आषाढात टेबलाचं लाकूड फुगतं, चैत्रात आकसतं, सांधे हलतात, खोबण सैल पडते आणि आत काळपट थर धरतो. समजा, एका जॉइनरचा विद्युतरोध ०.२ ओहम झाला आणि गाडीपर्यंत जाताना दोन्ही रुळांवर मिळून असे वीस जॉइनर लागले. रोध झाला ४ ओहम. अर्धा अँपिअर घेणाऱ्या इंजिनाचे १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच गेले. डबे वाढवून एक अँपिअर लागला की ४ गेले. त्यात रुळाचा स्वतःचा रोध आहेच. चांगले रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी धातूत कणभरही नसते. असतं तांबं, निकेल आणि जस्त. त्याचा रोध तांब्याच्या पंधरा-वीस पट. पितळ यापेक्षा कितीतरी चांगलं वाहक, पण पितळेवर चढणारा थर चाकाला वीज घेऊ देत नाही. निकेल-सिल्व्हर वीज वाईट नेतं, पण चाकाला नीट देतं. वीज नेणं आणि वीज देणं ही दोन निराळी कामं आहेत आणि रुळाकडून फक्त दुसरं घ्यावं, एवढं कळायला विजेच्या रेल्वेला बरीच वर्षं लागली. फीडरची कुळकथा त्या वर्षांची आहे.

मोठ्या रेल्वेला वीज मिळाली आणि मग तिची नक्कल खेळण्यात उतरली, असं आपण धरून चालतो. क्रम उलटा आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ब्रँडन गावच्या थॉमस डेव्हनपोर्ट या लोहारानं १८३५ च्या सुमारास लहानशा गोल रुळावर विजेच्या मोटरीची गाडी फिरवून दाखवली आणि १८३७ मध्ये मोटरीचं पेटंट घेतलं. जगातली पहिली विजेची गाडी ही अशी प्रतिकृती होती. जिची प्रतिकृती म्हणावी अशी मोठी गाडी अजून जन्मालाच यायची होती. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसननं ‘गॅल्व्हानी’ नावाचं खरंखुरं इंजिन रुळावर आणलं. त्याच्या पोटात बॅटऱ्या होत्या. ते ताशी सहा-सात किलोमीटरनं चाललं, पण बॅटरीत खर्ची पडणारं जस्त कोळशापुढं फार महाग होतं. इंजिनानं आपली वीज आपणच वाहून न्यायची ही वाट तिथंच बंद पडली.

दुसरी वाट वेर्नर फॉन सीमेन्सनं काढली. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात त्यानं सुमारे ३०० मीटरच्या गोल मार्गावर माणसं बसवून गाडी फिरवली. वीज १५० व्होल्ट. जायला मधला वेगळा रूळ, परतायला चालते रूळ. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, बर्लिनजवळ ग्रोस-लिश्टरफेल्डला त्याची ट्राम सुरू झाली आणि तिथं त्यानं मधला रूळही काढून टाकला. एका रुळातून वीज जायची, दुसऱ्यातून परत यायची, मध्ये गाडीची मोटर. आज टेबलावरच्या लेआउटचं वायरिंग नेमकं असंच असतं. फरक एवढाच की लिश्टरफेल्डच्या दोन रुळांमध्ये १८० व्होल्ट होते. रस्ता ओलांडताना घोड्याचा एक पाय या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर पडला की काय होत असेल ते सांगायला नको. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॅग्नस व्होल्कनंही हाच प्रयोग ५० व्होल्टवर केला. तिथं शत्रू निराळा निघाला. समुद्राची खारी ओल लाकडी स्लीपरांतून वीज झिरपवायची आणि काही वर्षांतच त्याला तिसरा रूळ टाकावा लागला.

आता मूळपुरुष. एडिसन शहराला वीज पुरवण्याचं गणित मांडत होता तेव्हा त्याला आपल्याच टेबलावरचा आजार दिसला. एका जाड तारेवर ओळीनं दिवे लावत गेलं की जवळचे लख्ख पेटतात, टोकाचे मंद. टोकाचे नीट पेटवायचे तर तार इतकी जाड करावी लागते की तांब्यातच दिवाळं निघावं. १८८० मध्ये त्यानं तोडगा काढला. दिवे लावायच्या तारा बारीकच ठेवायच्या आणि केंद्रातून निघणाऱ्या, वाटेत एकही दिवा नसलेल्या वेगळ्या तारा त्या जाळ्यात ठिकठिकाणी आणून जोडायच्या. या तारांना त्यानं फीडर म्हटलं. वाटेत जे नुकसान व्हायचं ते फीडरमध्ये होऊ द्यायचं. जिथं दिवे आहेत तिथं दाब सगळीकडे जवळजवळ सारखा. तांब्याचा खर्च कितीतरी खाली आला आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट केंद्र याच पद्धतीवर सुरू झालं. दिव्यांच्या जागी इंजिन ठेवा, बारीक तारेच्या जागी रूळ. छोट्या रेल्वेवाल्यानं त्यात नवं काहीच घातलेलं नाही.

घराण्यात मातृपक्षही आहे आणि तो मोठ्या रेल्वेचा आहे. विजेच्या गाड्या धावायच्या आधीच रुळांतून वीज खेळत होती, सिग्नलसाठी. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसानं १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. मार्ग मोकळा असेल तोवर रिलेला वीज मिळते आणि सिग्नल मोकळा राहतो. गाडी आली की तिचे आस दोन्ही रूळ जोडतात, रिले सुटतो, सिग्नल लाल. रूळ तुटला, तार सुटली, बॅटरी संपली तरी लालच. मला ही रचना विजेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक बिघाड गाडी थांबवण्याच्या बाजूनंच होतो. पण तिनं एक गोष्ट उघडी पाडली. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट कितीही घट्ट आवळा, तिच्यातून वीज जाईलच याचा भरवसा नाही. म्हणून दर सांध्याला वळसा घालून तार लावायची पद्धत पडली. तिला बाँड म्हणतात. आणि जिथं वीज अडवायची तिथं मध्ये न वाहणारा तुकडा घालून सांधा तोडायचा. टेबलावरचा फीडर आणि प्लास्टिकचा जॉइनर, दोघांचं आजोळ हे.

कोल्हापूरला आगगाडी आली ती याच दशकांत. १८८८ मध्ये तेरा-चौदा वर्षांच्या शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लाइन सुरू झाली. लाइन मीटरगेज होती, म्हणजे जुन्या कोल्हापूर स्टेशनची १:८७ प्रमाणात नक्कल करायची तर रुळांतलं अंतर साडेअकरा मिलिमीटर निघतं. ब्रॉडगेज झाल्यावरच्या कोल्हापूरला सव्वाएकोणीस लागतात आणि बाजारात या प्रमाणासाठी मिळणारा एचओ रूळ असतो साडेसोळाचा. इथला छंदवाला दोन्हीकडून अडचणीत.

त्याच १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन कंपनीनं चावीची रेल्वे मांडली. तिचे रूळ ठरीव मापाचे होते आणि पुढं हवे तितके विकत घेऊन जोडता येत. खेळण्यातला सांधा तिथं जन्मला. चावीच्या गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण पाच-सहा वर्षांतच सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीनं बॅटरीवर चालणारी छोटी ट्राम विकायला काढली. रूळ म्हणजे लाकडी पट्ट्यांत खोचलेल्या पोलादी फिती, वीज दोन रुळांतून. लायोनेल कंपनीनं १९०६ मध्ये तिसरा रूळ घातला आणि पुढची पन्नास वर्षं बहुतेक विजेची खेळणी तीन रुळांवर धावली. दिसायला ते विचित्र, पण त्यात हुशारी होती. चाकं आणि आस सगळे धातूचे ठेवता येत आणि गाडी वळसा घालून आपल्याच मार्गावर परत आली तरी शॉर्ट होत नसे. दोन रुळांच्या लेआउटवर असा वळसा घातला की डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो.

१९२५ ची एक जोडी मला फार आवडते. ३ फेब्रुवारीला मुंबईत व्हीटी ते कुर्ला भारतातली पहिली विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. आणि त्याच वर्षी इंग्लंडात हॉर्नबीनं आपली पहिली विजेची खेळगाडी काढली, जी थेट घरातल्या विजेवर चालायची. मध्ये रोध म्हणून दिव्याचा एक बल्ब! लहान मुलं गालिच्यावर बसून हाताळणार ते रूळ. कंपनी लवकरच कमी व्होल्टेजवर आली. मुंबईच्या डीसीची अडचण निराळी होती. व्होल्टेज कमी म्हणून करंट प्रचंड, म्हणून वाटेतलं नुकसान मोठं, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. २५ हजार व्होल्ट एसीला सबस्टेशनं कितीतरी दूर दूर चालतात. आता कोल्हापूरपर्यंत आलेली तार तीच आहे, आणि मुंबईच्या लोकलनं जुनं डीसी २०१६ पर्यंत पुरतं सोडलं. टेबलावर तर फक्त १२ व्होल्ट. मग फीडर हातभर अंतरावर लागतो यात नवल काय.

मराठी घरातल्या पहिल्या नामांकित विजेच्या छोट्या रेल्वेसाठी मात्र ग्वाल्हेरला जावं लागतं. शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ. कोल्हापूर-पुणे गाडी कोरेगावावरूनच जाते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना रेल्वेचं वेड होतं. त्यांच्या दोन फुटी ग्वाल्हेर लाइट रेल्वेबद्दल कधीतरी वेगळं लिहावं लागेल. जयविलास राजवाड्याच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची गाडी बसवली, इंग्लंडातल्या नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीची. डब्यांवर एकेक अक्षर, मिळून ‘सिंदिया’. जेवणानंतर ती मद्याच्या सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची आणि कुणी सुरई उचलली की थांबायची. परत ठेवली की पुढं निघायची. सुरईच्या वजनानं मिटणारा संपर्क मोटरीच्या सर्किटमध्ये ओळीनं घातला की हे साधतं. वजन गेलं, सर्किट तुटलं, गाडी उभी. रॉबिन्सनच्या सिग्नलचाच हा शाही चुलतभाऊ.

या गाडीचा एक किस्सा लॅपिएर आणि कॉलिन्स यांच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’मुळे जगभर गेला. व्हाइसरॉयच्या मेजवानीत शॉर्ट सर्किट झालं आणि गाडी बेफाम सुटून पाहुण्यांच्या अंगावर अन्न उडवत फिरली. वाचताना मजा येते, पण वायरिंग करणाऱ्याला खटकतं. रुळात शॉर्ट झाला तर गाडी पळत नाही, मरते. सगळा करंट शॉर्टमधून जातो आणि मोटरीला काही उरत नाही. गाडी बेफाम सुटायची तर शॉर्ट वेग आवरणाऱ्या रोधात व्हायला हवा, म्हणजे पूर्ण व्होल्टेज थेट रुळांवर जाईल. किस्सा खरा असेल तर राजवाड्याच्या रुळांवर आणि सांध्यांवर त्याचा ठपका येत नाही. ते एकजात शाबूत असणार, नाहीतर गाडी टेबलाच्या दुसऱ्या टोकालाच गचके खाऊन थांबली असती.

तिसरा रूळ गेला तो प्लास्टिकमुळे. हॉर्नबी-डब्लो १९३८ मध्ये १२ व्होल्ट डीसीवर आली तेव्हाही तीनच रूळ होते. युद्धानंतर प्लास्टिकची चाकं आणि आवरणं स्वस्त झाली, दोन्ही बाजूंची चाकं विजेच्या दृष्टीनं एकमेकांपासून वेगळी ठेवणं सोपं झालं आणि रूळ खऱ्यासारखे दिसावेत ही हौस वाढली. १९५९ मध्ये हॉर्नबी-डब्लोलाही दोन रुळांवर यावं लागलं. मेर्कलिन तेवढी अडून बसली. तिनं तिसरा रूळ स्लीपरांमधल्या बारीक खिळ्यांत लपवला आणि आजही तसाच ठेवला आहे. बाकी सगळं जग १८८१ च्या लिश्टरफेल्डला परत गेलं. त्याची किंमत वायरिंगमध्ये चुकवावी लागली. जिथं डावा आणि उजवा रूळ एकमेकांना छेदतात तिथं तोडलेले सांधे आले, वळशाला स्वतंत्र स्विच आले, आणि तोडलेल्या प्रत्येक तुकड्याला वीज द्यायची तर फीडरला पर्याय राहिला नाही.

पुढचा फेरा डिजिटल. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं १९९० च्या दशकात डीसीसी हे मानक बांधलं. त्यात रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, त्यावरच प्रत्येक इंजिनासाठीचा हुकूम एक-शून्याच्या भाषेत चढवलेला. एकचा अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा, शून्याचा निदान शंभराच्या आसपास. काही लोक म्हणाले, आता दोन तारा जोडल्या की झालं. झालं उलटंच. जुन्या डीसीवर खराब सांध्यानं गाडी मंदावायची. डीसीसीवर तिला हुकूमच कळत नाही आणि ती मध्येच थबकते किंवा तिच्यातला हुकूम वाचणारा डिकोडर नव्यानं सुरू होतो. शिवाय पाच अँपिअर देणारा बूस्टर टेबलावर आला. आधी काढलेले ४ ओहम आठवा. १५ व्होल्टवर त्या टोकाला शॉर्ट झाला तर करंट पावणेचार अँपिअर, बूस्टरच्या मर्यादेच्या आतच. तो ट्रिप होणार नाही आणि छप्पन वॅट उष्णता निवांतपणे सांध्यांत, तारांत, रुळाखालच्या प्लास्टिकमध्ये जिरत राहील. म्हणून नाण्याची चाचणी करतात. बूस्टरपासून सर्वांत लांबच्या जागी रुपया दोन्ही रुळांवर आडवा ठेवायचा. आपला अलीकडचा रुपया वीस-बावीस मिलिमीटरचा, साडेसोळाच्या रुळावर आरामात बसतो. बूस्टर तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर त्या भागात फीडर कमी आहेत का, ते आधी पाहावं.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर नांदताना पाहायचं तर पुण्याला कोथरूडमध्ये जावं. भाऊ जोशी यांनी आपल्या सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या वास्तूत १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. लोक गाड्या बघतात, बघावंच. मी रुळांखालच्या अंधाराचा विचार करतो. सिग्नल, रस्त्यावरचे दिवे, एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या, आणि हे रोज पाहुण्यांसमोर. असल्या ठिकाणी ‘बोटानं ढकलली की चालते’ ही सवलत नसते.

कोल्हापुरात सामान शोधायला लांब जावं लागत नाही. बससाठी घरगुती वायरिंगची अडीच एमएमची तार उत्तम, लहान टेबलाला दीडचीही पुरते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून फुकटात मिळणारी वाइंडिंग वायर मोहात पाडते. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, तो पूर्ण खरवडल्याशिवाय डाख धरत नाही आणि धरल्यासारखा दिसतो, हे अधिक वाईट. डाख देताना नवसागर किंवा ॲसिड वापरू नये. आज झकास चिकटतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तार हिरवी पडून तुटते. राळेचा फ्लक्स घ्यावा. टेबल खोलीच्या ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यापासून हातभर दूर. व्होल्कला ब्रायटनला जे भोगावं लागलं तितकं १२ व्होल्टवर होत नाही, पण चार महिन्यांची दमट हवा सांध्यांना पुरेशी आहे. आणि बसच्या दोन तारांना दोन रंग. लाल-काळा ठरवा, नाहीतर दुसरे कोणते. पण टेबलाखाली उताणं पडून काम करताना ठरलेला रंग बदलू नका.

अलीकडे काहीजण रुळांतून वीज देणंच सोडतात. इंजिनात लिथियम बॅटरी, हातात रेडिओ कंट्रोल, रूळ नुसते धावायला. डेव्हिडसनच्या ‘गॅल्व्हानी’चा हा पुनर्जन्म, या खेपेला जस्ताच्या खर्चाशिवाय. मोठ्या प्रमाणाच्या, बागेतल्या गाड्यांना ते शोभतं. एचओमधल्या शंटिंगच्या इंजिनात मात्र बॅटरीला जागा नाही. त्याला चाकंही चारच, त्यामुळं रूळ बदलायच्या सांध्यावरच्या, म्हणजे पॉइंटवरच्या, क्रॉसिंगमध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ते हमखास अडतं. तिथं क्रॉसिंग धातूचंच घ्यावं, त्याला वेगळा फीडर द्यावा आणि पॉइंट फिरवणाऱ्या मोटरीच्या स्विचमधून त्याची बाजू बदलेल असं करावं.